शॉकअपच्या पोटात

गाडीच्या पुढच्या दोन नळ्यांना शॉकअप म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. त्यांच्या आत काय असतं असं कुणी विचारलं असतं तर मी 'स्प्रिंग' म्हणालो असतो आणि विषय बदलला असता. गाडी माझी जुनी, शंभर सीसीची, ड्रम ब्रेकवाली. उजव्या नळीवर तेलाचा ओघळ दिसायला लागला, त्यावर धूळ बसायला लागली आणि पुढचा ब्रेक दाबला की गाडीचं तोंड खाली जाऊन वरखाली डुलत राहायचं. गॅरेजवाल्या भाऊंनी नळीवरून बोट फिरवून तेल दाखवलं. "ऑईल सील गेलं. दोन्ही बाजूची बदलून टाका." मी घरीच करून बघतो म्हणालो. "करा की," भाऊ म्हणाले, आणि हसले नाहीत. तिथेच मला शंका यायला हवी होती.

नाना पेठेत सील मागितलं तर दुकानदाराने विचारलं, "पाईप कितीचा?" मी म्हणालो, "लांबी नाही मोजली." त्याने मान वर न करता गाडीचं मॉडेल विचारलं आणि पुडी पुढे सरकवली. सीलच्या कडेला बारीक अक्षरांत २७ × ३९ × १०.५ असं उमटवलेलं होतं. हे सगळे मिलिमीटर: २७ म्हणजे सीलमधून वरखाली होणाऱ्या पाईपची जाडी, ३९ म्हणजे सील ज्यात ठोकून बसवायचं त्या घराची रुंदी, १०.५ ही सीलची उंची. दुकानदार जाडी विचारत होता, हे मला गॅस्केटवाल्याच्या दुकानासमोरून जाताना उमगलं. परत जाऊन सांगण्यात अर्थ नव्हता.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी डबल स्टँडवर घेतली, इंजिनाखाली फळी, फळीखाली जॅक. पुढचं चाक निघालं, मडगार्ड निघालं. दोन्ही नळ्या वर ज्या आडव्या लोखंडी तुकड्यांत आवळलेल्या असतात त्यांना 'टी' म्हणतात. टीचे बोल्ट सैल करून मी उजवी नळी खाली ओढून काढली आणि मोठ्या ऐटीत तिच्या डोक्यावरचं झाकण पान्याने फिरवायला घेतलं. झाकणाबरोबर नळीही फिरत होती. ती मांडीत धरली, गुडघ्यात धरली. दुसऱ्या मजल्यावरचे काका दूध आणायला निघाले होते, ते थांबले. "अरे, ती परत टीमध्ये आवळ, मग फिरव." म्हणजे जे गाडीवर असतानाच सैल करायचं, ते मी काढून आणल्यावर करत होतो.

झाकणाखाली स्प्रिंग दाबलेली असते, हे मला झाकण सुटल्यावर कळलं. ते उडून पाण्याच्या टाकीमागे गेलं. मग स्प्रिंग काढली, नळी जुन्या परातीत उलटी केली. राखाडी, काळपट, सडक्या मासळीच्या वासाचं पाणी बाहेर आलं. हे तेल होतं. मी आजवर समजत होतो की खड्ड्यांचा मार स्प्रिंग खाते. स्प्रिंग फक्त गाडी तोलून धरते आणि दाबली गेली की तितक्याच जोराने परत फेकते. तो जोर जिरवायचं काम तेलाचं. नळीत आणखी एक बारीक पाईप उभा असतो, त्याला छोटी छोटी भोकं असतात. चाक वरखाली झालं की तेलाला त्या भोकांतून घुसमटत जावं लागतं, आणि त्यात उसळी संपते. बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर-१२ या गाडीला असा तेलाचा टेलिस्कोपिक फोर्क बसवला, नंतर हळूहळू बहुतेक मोटारसायकलींच्या पुढे हीच व्यवस्था आली. माझ्या गाडीचं डुलणं स्प्रिंग म्हातारी झाल्यामुळे आहे, असं मी घरात सगळ्यांना ठामपणे सांगून बसलो होतो.

आता खरी मजा. खालची ॲल्युमिनियमची नळी आणि वरचा चकचकीत पाईप वेगळे करायचे तर बुडाशी खोल भोकात एक एलन बोल्ट असतो, तो काढावा लागतो. तो खालून त्या बारीक पाईपमध्येच घुसलेला असतो. मी एलन की घातली, फिरवली. बोल्ट फिरला. फिरतच राहिला. अर्धा तास मी तो आनंदाने फिरवत होतो आणि तो बाहेर काही येईना. शेवटी भाऊंना फोन केला. "स्प्रिंग काढली का आधी?" "हो." "मग आतला पाईप धरणार कोण?" आतला बारीक पाईप जागच्या जागी दाबून धरण्याचं काम स्प्रिंगच करत असते, ती काढली की बोल्ट आणि पाईप हातात हात घालून फिरतात. स्प्रिंग परत आत, झाकण परत वर, झाकणाकडचं टोक भिंतीला लावून मी नळी रेटली आणि काकांनी एलन कीला एक झटका दिला. कट्ट! बोल्ट सुटला, आणि श्रेय काकांकडे गेलं. दूध अजून आणायचंच होतं.

पाईप बाहेर आला. सील खालच्या नळीतच राहिलं. त्याखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला लागलो, तर ढिम्म. चिखल पुसल्यावर सीलच्या डोक्यावर एक तारेचं अर्धवट कडं दिसलं. याला लॉक म्हणतात, आणि लॉक काढल्याशिवाय सील निघत नाही, हे नाव ऐकूनच समजायला हवं. दरम्यान परातीत एक ॲल्युमिनियमची टोपी पडली होती, कुठून पडली ते मी पाहिलं नव्हतं. डावी नळी अजून उघडलेली नव्हती म्हणून वाचलो. तिला बोल्ट आधी, झाकण नंतर अशा सरळ क्रमाने उघडलं आणि कळलं: टोपी बारीक पाईपच्या खालच्या टोकाला बसते. नळी पूर्ण दाबली गेली की त्या टोपीत तेल अडकतं आणि लोखंडावर लोखंड आपटत नाही. दोन्ही नळ्या एकदम उघडल्या असत्या तर मी ती टोपी 'जास्तीची' म्हणून डब्यात टाकली असती.

सील का गेलं, याचं उत्तर पाईपवर होतं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. नख फिरवलं तर एका ठिकाणी अडकलं. टाचणीच्या डोक्याएवढा गंजाचा खड्डा, कडा धारदार. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात पाईप वरखाली होताना ही कड सीलची ओठासारखी पातळ धार कापत होती. नवं सील तसंच घातलं असतं तर तेही महिन्याभरात गेलं असतं. बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून ती कड मोडली. खड्डा राहिला, धार गेली. पाईप वाकलाय का ते बघायला तो काचेच्या टीपॉयवर गडगडवला, सरळ होता. टीपॉयवर तेलाचा पट्टा उठला, त्याबद्दल घरात वेगळी चर्चा झाली.

नवं सील घालताना पाईपच्या टोकावर तेल लावलेली प्लॅस्टिकची पिशवी चढवायची, म्हणजे टोकाची कड सीलला लागत नाही. सीलच्या एका तोंडाला आत बारीक गोल स्प्रिंग दिसते, ते तोंड खाली, तेलाकडे. आणि ठोकायचं ते हातोडीने नाही: नव्या सीलवर जुनं सील, त्यावर पाईपवरून ओवलेला प्लंबिंगच्या पाईपचा तुकडा, आणि त्यावर हलके ठोके. सील तळाला टेकलं की आवाज बदलतो, आणि लॉकची खाच पूर्ण दिसायला लागते. इथे मात्र माझ्याकडून काही बिघडलं नाही. बघायला काका नव्हते.

तेल दोन्हीकडे अगदी सारखं हवं, नाहीतर एक बाजू कडक आणि एक मऊ. मापाला भाचीची जुनी दुधाची बाटली घेतली, तिच्यावर मिलीच्या रेघा असतात. प्रत्येक नळीत दीडशेच्या आसपास. मग स्प्रिंग न घालता पाईप हाताने वरखाली. पहिल्यांदा हात भसकन खाली गेला, मला वाटलं सगळं फसलं. ती हवा होती. थोडं पंपिंग केल्यावर पाईपला वजन आलं, वर ओढताना तर हाताला चांगलाच विरोध जाणवायला लागला. त्या भोकांमधून जाणारं तेल मला पहिल्यांदा हाताला लागत होतं, आणि मी नळी बंद करायचं सोडून कितीतरी वेळ तेच करत बसलो.

जोडताना ब्रेक प्लेटची खाच नळीवरच्या उंचवट्यावर बसली आहे ना, हे बघावंच लागतं. नाहीतर ब्रेक दाबल्यावर प्लेटच चाकाबरोबर फिरायला जाते. आणि चाक लावल्यावर सगळं लगेच गच्च आवळायचं नाही. जॅक काढून हँडल धरून पुढून दाबायचं, नळ्या आपापल्या रेषेत येतात, मग आवळायचं. मी आधी आवळलं होतं. शॉकअप हलेचना.

गल्लीतल्या गतिरोधकावरून गाडी एकदा खाली गेली, वर आली आणि थांबली. मी तशीच भाऊंकडे नेली. त्यांनी पुढून दाबली, मान हलवली. मग पुढचा ब्रेक दाबून धरला आणि गाडी मागेपुढे हलवली. हँडलच्या बुडातून 'टक्' असा आवाज आला.

"कोनसेट," भाऊ म्हणाले. "शॉकअप चांगला झाला, म्हणून आता ऐकू येतोय. त्यात सुट्या गोट्या असतात. घरी उघडणार असाल तर खाली चादर अंथरा."