इंद्रवेल्लीचे तुकडे

इंद्रवेल्ली, एका गावाचं नाव. डोळ्यांना चारच अक्षरं दिसतात: इं, द्र, वे, ल्ली. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेला लांबी विचारली, तर उत्तर मात्र अकरा. अनुस्वार वेगळा, हलन्त वेगळा, मात्रा वेगळी. शिवाय मोजणी शून्यापासून. शून्य ते पाच मागितलं की 'इंद्र' मिळतो, पाच ते अकरा मागितलं की 'वेल्ली'. पाच दोन्हीकडे आहे, तरी काहीच दोनदा येत नाही. कारण हे आकडे चिन्हांवर नसतातच, दोन चिन्हांमधल्या फटीवर असतात, दोन शेतांमधल्या बांधासारखे. म्हणून शेवटातून सुरुवात वजा केली की तुकड्याची लांबी निघते. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ साली शून्यापासून मोजण्याची बाजू मांडली, ती मला पूर्ण पटते. डेटाबेसचं एसक्यूएल अजून एकापासून मोजतं आणि शेवटच्या आकड्याला लांबी समजतं. चालायचंच!

शून्य ते तीन मागितलं तर येतो नुसता 'इंद'. कुठेही चूक दाखवली जात नाही, हेच वाईट.

इंद्रवेल्ली ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांमधली गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. तिच्या चिन्हांचे क्रमांक ६५,५३५ च्या पुढचे, म्हणजे एका घरात न मावणारे, त्यामुळे जावा आणि जावास्क्रिप्ट तिचं प्रत्येक चिन्ह दोन घरं धरून मोजतात. निव्वळ गोंडी मजकूर विषम आकड्यावर कापला की एक चिन्ह मधोमध फाटतं.

तेव्हा मजकूर कापणारा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनो, चाचणीला एबीसीडी पुरेशी मानू नका. गुंजाला गोंडीतलं एखादं नाव घ्या.