ब्लाइंड मोड

इंजिनिअरिंगला आलं की दुसऱ्या वर्षापर्यंत प्रत्येकाला कसला ना कसला किडा चावतोच. कुणाला रोबोटचा, कुणाला प्रेमाचा. मला चावला लिनक्सचा!

दिवाळीच्या सुट्टीत घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजशेजारी उबुंटू टाकलं. आता मशीन चालू केलं की आधी ‘ग्रब’ हा बूट लोडर येतो आणि एस.टी. स्टँडवरच्या चौकशी खिडकीसारखं विचारतो, ‘बोला, कुठं जायचं?’ पण त्याचा मेनू म्हणजे अगदीच रुक्ष. म्हटलं, जरा नटवू या. मागे आपल्या गोठ्याचा फोटो लावू.

मेनूवर असताना ‘सी’ दाबलं की ग्रबची कमांड लाइन उघडते. तिथे ‘व्हिडिओइन्फो’ टाइप केलं की ग्राफिक्स कार्डाला जमणारे मोड दिसतात. त्यातला १२८० बाय १०२४ उचलला, कारण आमच्या मॉनिटरचा आकडा तोच. मग उबुंटूत जाऊन ग्रबची सेटिंगची फाइल उघडली. ‘जीएफएक्समोड’पुढे हा आकडा लिहिला, ‘बॅकग्राउंड’पुढे फोटोचा पत्ता दिला. बाबांची धांदल नको म्हणून ‘टाइमआउट’ उणे १ केला, म्हणजे कुणी निवडेपर्यंत मेनू थांबून राहणार. रीस्टार्ट केलं, तर काडीचाही फरक नाही! ‘अपडेट-ग्रब’ चालवल्याशिवाय या फाइलवरून खरी फाइल तयारच होत नाही, हे कळायला एक अख्खी दुपार गेली. शेवटी एकदाची म्हैस पडद्यावर झळकली.

बाबा म्हणाले, “छान आहे. पण माझा हिशोब उघडतो ना?” मी नुसता हसलो.

हिशोब म्हणजे गावच्या दूध संस्थेचा. नोकरीतून रिटायर झाल्यापासून बाबाच तो सांभाळतात.

जानेवारीत एका रात्री होस्टेलवर फोन आला. “अरे, पडदा काळा पडलाय. नुसतं ‘आउट ऑफ रेंज’ दिसतंय. उद्या सकाळी सभा आहे रे!” घरचा मॉनिटर बिघडला होता आणि दुकानदाराने तात्पुरता पंधरा इंची दिला होता. तो १०२४ बाय ७६८ च्या वर जात नव्हता. मी मात्र आकडा पक्का लिहून ठेवलेला. तो कार्डाला जमत होता, म्हणून ग्रब खुशाल तोच पाठवत होता. म्हणजे मेनू होता, म्हैसही होती, फक्त दिसत नव्हती! नुसतं एंटर दाबलं तर उबुंटू सुरू होणार. हिशोब विंडोजमध्ये, आणि ते मेनूत कितवं आहे तेच मला आठवेना.

वाट एकच होती. ग्रबला ग्राफिक्स सोडून साध्या अक्षरांवर आणायचं. ती अक्षरं कुठल्याही मॉनिटरवर दिसतात. पण कमांड न बघता टाइप करावी लागणार. मी घाबरतच म्हटलं, “बाबा, मी एकेक अक्षर सांगतो, तुम्ही सावकाश...”

“एकेक कशाला? शब्द सांग.”

“आधी सी. मग टर्मिनल, अंडरस्कोर, आउटपुट, जागा सोडून कन्सोल. मग एंटर.”

“अंडरस्कोर म्हणजे शिफ्ट धरून शून्याच्या उजवीकडची ना?”

मी हो म्हणेपर्यंत फोनमध्ये खडखड ऐकू आली आणि थांबलीसुद्धा. “आलं रे! काळ्यावर पांढरी अक्षरं आली.”

“एकदम बरोबर? न बघता?”

“अरे, टायपिंगच्या क्लासला बोटांकडे बघितलं की सर पट्टी मारायचे. चाळीसची परीक्षा पास झालोय मी.”

एस्केप दाबल्यावर मेनू परत आला. विंडोज सगळ्यात खाली होतं. रात्री साडेअकराला हिशोब उघडला आणि मी होस्टेलच्या जिन्यात मटकन बसलो.

ग्रबला योग्य मोड सापडला नाही की तो कधी कधी ‘बूटिंग इन ब्लाइंड मोड’ असा निरोप देतो. त्या रात्री मला वाटलं, हा निरोप खरं तर मलाच लागू आहे. मॉनिटर बदलू शकतो, हे मी धरलं नव्हतं. आणि मशीन रोज वापरणाऱ्या माणसाला तर काही विचारलंच नव्हतं. वर बाबांना कॉम्प्युटरमधलं काय कळतं, असा माझा तोरा!

पुढच्या सुट्टीत आकडा काढून तिथे ‘ऑटो’ लिहिलं, टाइमआउट तीस सेकंद केला आणि अपडेट-ग्रब न विसरता चालवलं. बाबा मागे उभे होते.

“फोटो काढून टाकू का?” मी विचारलं. या वेळी आधी विचारलं.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “म्हैस चांगली आलीय.”