दुखणे दाताचे, मूळ सांध्याचे

चेहऱ्याच्या एका बाजूस ठणका लागला की आपण प्रथम दाताला दोष देतो, मग कानाला. जबड्याच्या सांध्याचा विचार अगदी शेवटी येतो. बोलताना, जेवताना, जांभई देताना दिवसभर राबणारा हा सांधा कानाच्या लगेच पुढे असतो. तरीही त्याची ओळख आपल्यापैकी फार थोड्यांना असते.

माझ्या पत्नीला दोन वर्षांपूर्वी उजव्या कानापुढे दुखू लागले. नरडाण्यात राहणाऱ्यांना तज्ज्ञ गाठायचा म्हणजे शिरपूर, नाही तर धुळे. कानाच्या डॉक्टरांनी कान निर्दोष असल्याचे सांगितले. पुढे एका दवाखान्यात उजवीकडची दाढ काढण्यात आली. दाढ गेली, दुखणे जागेवरच राहिले. सकाळी उठल्यावर ते अधिक असे आणि घास चावताना कानाशी ‘कट्’ असा आवाज येई.

अखेर धुळ्यातील एका दंतवैद्यांनी तिच्या दोन्ही कानांपुढे बोटे ठेवून तोंड उघडमीट करावयास सांगितले. सामान्यतः माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात. तिची दोनच मावली. गालाचे व कानशिलाचे स्नायू दाबताच तिला तीच ओळखीची कळ जाणवली. निदान झाले : जबड्याच्या सांध्याचा व चावण्याच्या स्नायूंचा विकार. डावीकडच्या दाढा पूर्वीच पडल्याने सारे चर्वण उजवीकडे होत असे. त्यात दुपारी दुकानात बसल्यावर सुपारीचे खांड आणि झोपेत दात आवळण्याची सवय.

दुखणे सांध्याचे असता दाढ का ठणकावी, हे मला बँकेच्या भाषेत उमगले. रक्कम खरी असते, पण नोंद भलत्याच खात्यावर पडते. दात, सांधा, चावण्याचे स्नायू आणि कानापुढची त्वचा या सर्वांची वर्दी मेंदूच्या पाचव्या चेतेच्या शाखांतूनच जाते. म्हणून स्नायूची कळ दाताच्या नावे जमा होते. १९३४ साली अमेरिकेतील कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी ११ रुग्णांच्या आधारे कानाच्या तक्रारींचा संबंध या सांध्याशी जोडला. त्यांची सर्व कारणमीमांसा पुढे टिकली नाही, परंतु वैद्यकाचे लक्ष या सांध्याकडे वळले.

उपचार साधे होते. कस लागला तो संयमाचा. सहा आठवडे मुगाची खिचडी, वरणात कुस्करलेला फुलका असा मऊ आहार. कडक खाकरा, कळण्याची भाकरी व सुपारी बंद. दिवसातून दोनदा गरम शेक, जांभई येताच हनुवटीखाली मुठीचा आधार, आणि एक मंत्र : ओठ मिटलेले, दात सुटे. रात्री दातांवर बसवण्यासाठी मापाची पारदर्शक पट्टी मिळाली. पत्नीचा चौविहार असल्याने वेदनाशामक गोळी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर घेण्याची वेळ डॉक्टरांनी ठरवून दिली. नियमही राहिला, औषधही. हळूहळू तोंड पूर्ण उघडू लागले. आवाज अधूनमधून अजून येतो. परंतु दुखत नसेल तर नुसत्या आवाजास उपचार लागत नाही.

बहुतेक रुग्णांना एवढ्यानेच आराम पडतो. सांधा सुईने धुणे वा शस्त्रक्रिया ही मोजक्यांसाठी असते. म्हणून दात काढणे किंवा घासून कमी करणे, अशा परत न फिरणाऱ्या उपायांपूर्वी दुसरे मत जरूर घ्यावे. धुळ्यात अण्णासाहेब चुडामण पाटील स्मारक दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत मुखरोगनिदानाचा स्वतंत्र विभाग असतो.

काही खुणा मात्र वेगळ्या ओळखाव्यात. सुपारी-गुटख्याची सवय असून तोंड दिवसेंदिवस कमी उघडत असेल, तिखट लागताच आग होत असेल, तर तोंडाचे अस्तर आखडण्याचा तो विकार कर्करोगाकडे नेऊ शकतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी आपल्या गल्ल्याशेजारी असतेच. चेहऱ्यावर विजेसारखी क्षणिक तीव्र कळ येणे हा चेतेचा आजार असू शकतो. पन्नाशीनंतर कानशील दुखून दृष्टी अंधुक होणे, किंवा चालताना जबड्यात कळ येऊन विसावताच थांबणे, यांत एक दिवसही दवडू नये. दुसऱ्या लक्षणामागे हृदय असू शकते.

व्यापारी माणूस ताळेबंद जुळेपर्यंत वही मिटत नाही. शरीराच्या हिशेबातही तीच चिकाटी ठेवावी आणि मूळ खाते सापडेपर्यंत दाढ शाबूत राहू द्यावी.