भांडणाचा आनंद

ज्या खेळांत पाहावयाला पडदाच नाहीं त्याला संगणकी खेळ कां म्हणावें, असा प्रश्न वाचकांना पडेल. डग्लस विल्सन या रचनाकाराचा 'योहान सेबास्टियन जाउस्ट' हा खेळ मात्र तसाच आहे; २०१४ मध्यें तो 'स्पोर्ट्सफ्रेंड्स' या संग्रहांतून बाजारांत आला. प्रत्येक गड्याच्या मुठींत एक दांडी, तिच्या टोंकाला दिव्यासारखा गोळा. बाखचें संगीत संथ चाललें असतां दांडीला जरा हिसका बसला कीं आंतील यंत्र तो ओळखतें, दिवा विझतो, गडी बाद! लय वाढली कीं तेवढ्यापुरती मोकळीक मिळते. आपली दांडी जपावयाची आणि दुसऱ्याच्या हाताला धक्का द्यावयाचा, एवढाच डाव; नजर ठेवावयाची ती समोरच्याच्या डोळ्यांवर. आट्यापाट्या खेळलेल्या वऱ्हाडी माणसाला हें अधिक समजावून सांगावयास नको.

मेहकर तालुक्यांतील आमच्या डोणगांवीं परवां चार मुलें पारावर खांद्याला खांदा लावून बसलीं होतीं. चौघांच्या हातीं चार मोबाइल. "कोणाशीं रे खेळतोस?" म्हणून एकाला विचारलें, तर मान वर न करतां म्हणाला, "कोनासंग नाई काका, येकलाच खेळून रायलो." 'येकलाच' हा शब्द मला दिवसभर टोंचीत राहिला. तरीही यंत्राला शिव्या देण्याची आम्हां प्रौढांची रीत मला पसंत नाहीं. २०१६ सालच्या 'पोकेमॉन गो'नें याच मोबाइलच्या बळावर देशोदेशींचे लोक घराबाहेर काढून चालावयास लावले होते. फक्त चालतांना त्यांची मान खालींच राहिली.

विल्सननें २०१२ सालीं कोपनहेगनच्या आयटी विद्यापीठास प्रबंध सादर केला, त्याचा विषयच वादावादींतील आनंद हा आहे. त्याच्या खेळांत लाथ मारावी कीं नाहीं, हें यंत्र सांगत नाहीं. तें गड्यांनीं आपसांत ठरवावें. आमच्या लगोरींत निम्मा वेळ याच अभ्यासांत जात असे, पदवी मात्र कोणी दिली नाहीं! "चेंडू लागला", "नाहीं लागला", रुसवा, शपथ, आणि शेवटीं "बरें, घे तुझें" असें म्हणणारा एखादा उदार गडी. अचूक निकाल देणारें यंत्र मध्यें आलें कीं त्या उदारपणाला जागाच उरत नाहीं.

विदर्भांत भुलाबाईच्या गाण्यांनंतर मुली डबा हलवून आंतला खाऊ ओळखतात. तशाच एखाद्या डब्यांत चारसहा मुलांत मिळून एकच मोबाइल ठेवावा. तो न हलवितां हातोहात फिरवावयाचा. धक्का लागला कीं तो ओरडेल. धक्का कोणाचा, देणाऱ्याचा कीं घेणाऱ्याचा, याविषयीं मात्र त्यानें तोंड उघडूं नये.