वीस हजारांचं की दोन लाखांचं?

‘पिस्तूल घ्यायचंय,’ असं ऑफिसच्या कँटीनमध्ये सहज म्हणून बघा. टेबलावर दोन सेकंद शांतता. मग कुणीतरी हमखास विचारतं, ‘कुणाची सुपारी घेतलीस?’ आणि तुम्ही समजावत बसता, की बाबांनो, हे ते नव्हे! हे एअर पिस्तूल. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, दहा मीटरवर टार्गेट, आणि एकच हात. मनू भाकरने २०२४ मध्ये पॅरिसला जी दोन ब्राँझ पदकं मिळवली, ती याच प्रकारात.

लायसन्सचं काय, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला लायसन्स लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल पाच-सहा जूलच्या आसपास असतं. म्हणून ते खेळणं ठरत नाही, हेही खरं. डोळा जायला तेवढी ताकद पुरते. रेंजवरचा पहिला धडा नेम धरायचा नसतो, तर नळी कायम टार्गेटच्या दिशेनेच ठेवायची, हा असतो.

दर शनिवारी सकाळी रेंजवर जायला लागून मला आता तीनेक वर्षं होतील. लॅपटॉप घरी, मोबाइल लॉकरमध्ये, आणि समोर एक काळा ठिपका. आठवड्यातला हा एकच तास, ज्यात कुणी ‘क्विक कॉल’ लावू शकत नाही. क्लबचं पिस्तूल वापरता वापरता प्रत्येकाला एका वळणावर वाटतंच, की आता स्वतःचं हवं. आणि मग सुरू होतो आपल्या पिढीचा लाडका खेळ : बेस मॉडेल की टॉप एंड? मोबाइल, बाइक, शूज, सगळ्यात आपण या विषयात पीएचडी केलेली माणसं!

पण हा प्रश्न मी खरंच गंभीरपणे घेतला, तो स्वतःसाठी नव्हे. माझ्या शेजारच्या लेनवर नववीतला एक मुलगा येतो. त्याचे वडील पतसंस्थेत क्लार्क आहेत, मागे बाकावर बसून असतात. एकदा चहा घेताना ते म्हणाले, ‘सर, तुम्ही कंपनीत आहात, तुम्हाला या वस्तूंचं कळतं. पोरगं म्हणतंय, इंपोर्टेड घेतल्याशिवाय मागे पडेन. पावणेदोन लाख सांगतायत. पतसंस्थेतून कर्ज निघतंय. घेऊ का?’

‘काका, मला आठवडा द्या,’ एवढंच मी म्हणालो. उत्तर कुणाच्या तरी चार वर्षांच्या हप्त्यांचं होतं. नुसतं ‘घ्या हो बिनधास्त’ म्हणून चालणार नव्हतं.

छर्रा सरळ जातो का?

आधी टार्गेट बघा. दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. पुढे गुणागणिक वर्तुळ १६ मिलिमीटरने मोठं होत जातं, आणि सात ते दहाचा काळा भाग भरतो ५९.५ मिलिमीटर. युरोपियन मॅच पिस्तूल शिकंज्यात पकडून पाच छर्रे मारले, तर सगळे जवळजवळ एकाच भोकातून जातात. बऱ्यापैकी स्वस्त पिस्तूल तेच पाच छर्रे समजा दहा मिलिमीटरच्या घेरात टाकतं. म्हणजे ते स्वस्तातलं पिस्तूलसुद्धा दहाच्या वर्तुळात मावतं!

आता त्यात माणूस घाला. आमच्यासारख्यांचे नेम काळ्या भागात कुठेही जातात, म्हणजे साधारण ६० मिलिमीटरचा घेर. त्यात पिस्तुलाचे दहा मिळवले की ७० होतील, असं वाटतं ना? होत नाहीत. हाताची चूक आणि पिस्तुलाची चूक दर वेळी एकाच दिशेला जात नाहीत. शाळेतला पायथागोरस आठवा : ६० चा वर्ग अधिक १० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ जेमतेम ६१. म्हणजे त्या एका मिलिमीटरसाठी आपण लाखभर रुपये जास्त मोजणार!

हेच गणित मुरलेल्या नेमबाजासाठी उलटतं. तिचा घेर २० मिलिमीटरचा असेल, तर स्वस्त पिस्तुलाने तो २२ च्या वर जातो. वाढ दोन-अडीच मिलिमीटरचीच, पण ती नेमकी दहाच्या काठावर. आणि या खेळात काठावरचं सगळं महाग असतं. टोकियोला २०२१ मध्ये मनू भाकर ५७५ गुणांवर थांबली, आणि फायनलची रेषा होती ५७७.

मग दोन लाख जातात कुठे?

मुख्यतः ट्रिगरमध्ये आणि मुठीत. नळी त्यानंतर.

नियमाप्रमाणे एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा हवा. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्डिनी या घराण्यांतली पिस्तुलं त्या ५०० ग्रॅमवर अगदी काटेकोर लावता येतात. पहिला टप्पा मऊ, मग एक ठाम थांबा, मग काच तुटावी तसा सुटतो. काही हजारांत मिळणाऱ्या स्प्रिंगच्या पिस्तुलाचा ट्रिगर किलो-दीड किलोचा असू शकतो, आणि तो नेमका कधी सुटेल याचा भरवसा नाही. अख्खं पिस्तूलच सव्वा किलोच्या आसपास, तेही एका हातात पुढे धरलेलं. बोट जोरात ओढलं की नळी हलणारच.

किती हललं की काय होतं? पुढची आणि मागची माशी यांच्यात साधारण ३५ सेंटिमीटर अंतर. तिथे फक्त एक मिलिमीटर चुकलं, तर दहा मीटरवर छर्रा २८ मिलिमीटर बाजूला जातो. दहाचा सरळ सात! म्हणजे चांगल्या ट्रिगरचे पैसे खरोखर टार्गेटवर दिसतात.

दुसरा फरक धक्क्याचा. स्प्रिंगच्या पिस्तुलात छर्रा नळीत असतानाच आतला पिस्टन धाडकन पुढे येतो. महागड्या पिस्तुलात सिलिंडरमध्ये सुमारे २०० बारने भरलेली हवा असते, तिचा छोटासा घोट सुटतो. स्टायर एलपी १० मध्ये तर उरलासुरला धक्का मारायला उलट दिशेने सरकणारं वजन बसवलंय.

आणि तिसरी गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही : ड्राय फायर. मॅच पिस्तुलात छर्रा आणि हवा न वापरता नुसता ट्रिगर दाबायची सोय असते. वन बीएचकेतल्या हॉलमध्ये भिंतीवर ठिपका काढून रोज अर्धा तास सराव. खर्च शून्य, आवाज शून्य, शेजारी खूश. स्प्रिंगचं पिस्तूल रिकामं उडवलं, तर आतली मशिनरी खराब होते. मुलगा घरी रोज सराव करणार की फक्त शनिवारी, यावर अर्धा हिशोब फिरतो तो इथे.

महाग म्हणजे बिनचूक?

नाही हो. टोकियोत मनूच्या हातातलं पिस्तूल जगातल्या उत्तमांपैकी होतं, तरी ऐन मॅचमध्ये त्याचा कॉकिंग लिव्हर तुटला आणि दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली. गुंतागुंतीच्या वस्तूला सर्व्हिस लागते, स्पेअर पार्ट लागतात, ओ-रिंग लागतात. शिवाय हवेच्या सिलिंडरचं आयुष्य सहसा दहा वर्षं. तारीख त्याच्यावर छापलेली असते आणि स्पर्धेत ती बघतात. सेकंडहँड पिस्तूल चकचकीत दिसत असलं, तरी आधी तारीख वाचायची. दुधाच्या पिशवीसारखीच!

याउलट रशियाच्या इझेव्स्कमधलं बायकल ४६ एम घ्या. दिसायला अगदीच प्लंबरच्या दुकानातलं. सिलिंडर नाही, बॅटरी नाही. नळीखालचा दांडा एकदा उघडून मिटला की एका छर्ऱ्यापुरती हवा तयार. ट्रिगर मात्र चक्क मॅचच्या जवळ जाणारा. जगभरच्या क्लबांत ‘पैसा वसूल’ म्हणून त्याचं नाव झालं ते उगाच नाही. तोटा एवढाच, की ६० छर्ऱ्यांच्या मॅचला साठ वेळा दांडा ओढायचा. शेवटच्या दहाला खांदा बोलू लागतो.

पॅरिसला २०२४ मध्ये साधा चष्मा घालून, खिशात हात ठेवून रौप्यपदक घेणारा तुर्कस्तानचा युसुफ डिकेच आठवतोय? ‘बघा, काही साहित्य लागत नाही,’ असे फोटो आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवले. चष्मा साधा होता, हे खरं. हातातलं पिस्तूल मात्र मॅचचंच होतं. आणि त्यामागे कित्येक वर्षांचा सराव होता, तो फोटोत येत नाही.

मधली वाट

आठवड्याने काका बाकावर वाट बघत होते. मी एक कागद केला होता, तो त्यांच्या हातात दिला. पतसंस्थेच्या माणसाला आकड्यांत बोललेलं बरं वाटतं.

एक : कर्ज आत्ता नको. मुलाचा साठ छर्ऱ्यांचा स्कोअर ५०० च्या आसपास आहे. त्यातला पिस्तुलाचा वाटा नगण्य. ५४० च्या वर सलग दोन-तीन महिने टिकला, की क्लबचं जुनं पिस्तूल खरंच त्याला मागे खेचू लागेल. तेव्हा घ्या, आणि तेव्हा चांगलंच घ्या.

दोन : पैसे छर्ऱ्यांवर घाला. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे. दर डब्याला ब्रँड बदलला, तर चूक हाताची की छर्ऱ्याची, हे कळतच नाही.

तीन : मूठ. हाताला न बसणारी मूठ दोन लाखांच्या पिस्तुलालाही वाया घालवते. अक्रोडाच्या लाकडाची आयात मूठ महाग पडते. पण कोचच्या नजरेखाली कानस, सँडपेपर आणि एम-सील घेऊन बसलं, तर एका रविवारात साध्या मुठीचं रूप पालटतं.

चार : स्प्रिंगचं स्वस्त पिस्तूल ‘सध्या चालेल’ म्हणून घेऊ नका. मुलाला त्याचा धक्का सांभाळायची सवय लागेल, आणि ती मोडायला पुन्हा वर्ष जाईल. ते मजेसाठी ठीक, स्पर्धेसाठी नाही.

काकांनी कागद दोनदा वाचला. मग जरा थांबून म्हणाले, ‘म्हणजे नाही म्हणायला लागणार त्याला.’ मी म्हटलं, ‘नाही नको म्हणू. ५४० म्हणा.’

मुलगा दोन शनिवार माझ्याशी बोलला नाही. त्याच्या जागी मी असतो, तर मीही बोललो नसतो! पंधराव्या वर्षी शेजारच्या लेनवर चकाकती मोरिनी दिसत असताना पायथागोरस ऐकून घेणं सोपं नसतं. शिवाय त्याची भीती अगदीच खोटी नव्हती. ज्यांच्याकडे पैसे आहेत, ते पहिल्या दिवसापासून चांगल्या ट्रिगरवर शिकतात आणि घरी ड्राय फायर करतात. तेवढा फरक पडतोच. म्हणून कोचना विचारून आम्ही क्लबच्या बऱ्यातल्या एका पिस्तुलाची मूठ त्याच्या हातासाठी वेगळी बनवून घेतली. संध्याकाळी रेंज रिकामी असते, तेव्हा ते त्याला ड्राय फायरसाठी मिळतं.

माझं म्हणाल, तर मी दांडावालं सेकंडहँड घेतलं. माझ्या ६० मिलिमीटरच्या घेराला ते भरपूर झालं, आणि बोनसमधले उरलेले पैसे अजून बँकेत आहेत.

काकांनी आता एक जाड वही घातलीय, पतसंस्थेच्या खातेवहीसारखी आखलेली. दर शनिवारी तारीख, स्कोअर आणि शेवटच्या दहा छर्ऱ्यांचे गुण वेगळ्या शाईत. गेल्या शनिवारचा आकडा होता ५२८.