दहा बाय दहात बोरघाट

घरात मॉडेल रेल्वे करायची म्हणजे प्लायवूड आणायचं, त्यावर रूळ जोडायचे आणि गाडी सोडायची, एवढीच माझी समजूत होती. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तिची दहा बाय दहाची खोली मोकळी झाली. ती लहान असताना तिला पुण्यातलं जोशींचं लघु रेल्वे संग्रहालय दाखवायला नेलं होतं. भाऊ जोशींनी हौसेने उभं केलेलं ते संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. लेक ते बाहेर पडल्या पडल्या विसरली. मी विसरले नाही.

काय करायचं हेही ठरलेलं होतं. कर्जत ते लोणावळा, बोरघाट! कर्जतला गाडी थांबते, चढावर मागून ढकलायला बँकर इंजिन लागतं, मग बोगद्यामागून बोगदे. मुंबई-पुणे प्रवासात खिडकीची जागा मिळावी म्हणून मी आजही भांडते, ती या पट्ट्यासाठी. तेव्हा वही उघडली, डावीकडे कर्जत लिहिलं, उजवीकडे लोणावळा लिहिलं आणि मधे घाट काढायला घेतला. तिथेच सगळं अडलं.

पहिला प्रश्न मापाचा. जगभर सर्वाधिक चालणारं माप एचओ. खऱ्याच्या एक सत्त्याऐंशांश, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. त्याहून लहान एन माप, एकास एकशेसाठ, रूळ ९ मिलिमीटरचे. एन घेतलं तर त्याच खोलीत जवळपास दुप्पट लांबीची रेल्वे बसते, हे मला कळत होतं. पण चष्मा लावूनही सुईत दोरा ओवताना माझी त्रेधा उडते. त्या चिमुकल्या डब्यांची चाकं रुळांवर कोण बसवणार? एचओच ठरलं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे या मापात १९ मिलिमीटरहून थोडा जास्त. बाजारात मिळणारा १६.५ चा रूळ युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी आहे. म्हणजे आपले डबे त्यावर अंमळ पाय जवळ घेऊन उभे राहणार. त्याकडे काणाडोळा केला.

मग गणित मांडलं. बँकेत आयुष्य गेलेलं, बेरीज-भागाकाराचं भय नाही. पण हे गणित काही केल्या माझ्या बाजूने लागेना. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर. भागिले ८७. उत्तर ३२२ मीटर. खोली तीन मीटर पाच सेंटिमीटर. बरं, अंतर सोडा, निदान गाडी तरी? आयसीएफचा निळा डबा बफरसकट २२.३ मीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये पावणेसव्वीस सेंटिमीटर. चोवीस डब्यांची गाडी सहा मीटरच्या वर जाते. नुसती सरळ उभी करायची म्हटली तरी अर्धी गाडी भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात.

डबे कमी करता येतात, पण वळणाचं काय करायचं? भारतीय रेल्वेत ब्रॉडगेजला जास्तीत जास्त १० अंशांचं वळण चालतं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. हे सर्वात तीव्र वळणसुद्धा ८७ ने भागलं तर दोन मीटर त्रिज्येचं होतं. पूर्ण अर्धवर्तुळ घ्यायचं तर चार मीटर रुंदी हवी. खेळण्यातल्या रेल्वेचे तयार वक्र रूळ त्यामानाने फारच लहान असतात: ३७१, ४३८, ५०५ आणि ५७२ मिलिमीटर त्रिज्येचे. ते खोलीत सहज बसतात. पण त्यावर लांब डबा घातला की डब्याचं पोट आत झुकतं, दोन्ही टोकं बाहेर येतात आणि दोन डब्यांमधली कडी तिरकी ओढली जाऊन चाक रुळावरून उतरतं. मुरलेले छांदिष्ट एक ठोकताळा सांगतात: सगळ्यात लांब डब्याच्या लांबीची तिप्पट ही कमीत कमी त्रिज्या धरा. माझ्या डब्याची तिप्पट ७७ सेंटिमीटर.

७७ हा आकडा वहीत निरुपद्रवी दिसतो. मी सुतळीचं एक टोक अंगठ्याने फरशीवर दाबून धरलं, दुसऱ्या टोकाला खडू बांधला आणि वळण आखायला घेतलं. रेघ भिंतीपासून निघाली, खोलीच्या मध्यापर्यंत आली, टेबलाच्या दोन पायांमधून गेली आणि कपाटाखाली शिरली. कपाट सरकवून उरलेली रेघ पूर्ण केली तेव्हा अर्धवर्तुळाने दीड मीटरहून जास्त जागा खाल्ली होती, आणि हे फक्त एका टोकाचं. दोन्ही टोकांना अशी वळणं दिली, भिंतीपासून पाच-पाच सेंटिमीटर सोडले, तर मधे सरळ पट्टा उरतो १४१ सेंटिमीटर. स्टेशन त्यात बसवायचं.

घाटाची चढण तर आणखीच हट्टी निघाली. खऱ्या बोरघाटाचा सर्वात तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. मॉडेललाही साधारण तेवढाच चढ मानवतो. त्याहून तीव्र केला की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. एका रुळावरून दुसरा रूळ पुलाने न्यायचा तर मधे आठेक सेंटिमीटर उंची लागते. आठ गुणिले ३७ म्हणजे २९६ सेंटिमीटर. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सतत चढत गेलं, तेव्हा कुठे एक पूल झाला, आणि उतरायला तेवढीच जागा पुन्हा. माझ्या घाटाची सगळी उंची मिळून वरणाच्या पातेल्याएवढी.

तरी मी नकाशा काढलाच. फळी खोलीच्या मधोमध, तिच्यावर स्टेशन, यार्ड, दोन बोगदे आणि लोणावळ्याच्या टोकाला मोठा फास, म्हणजे गाडी त्यातून वळून आपोआप कर्जतकडे परत येईल. आता विजेचं बघायचं होतं. साध्या डीसी पद्धतीत एका रुळात धन, दुसऱ्यात ऋण प्रवाह असतो. कुठे काय ते कळावं म्हणून मी एक रूळ लाल पेन्सिलने आणि दुसरा निळ्या पेन्सिलने गिरवत निघाले. कर्जतपासून घाटापर्यंत सगळं ठीक. फासात शिरले, लाल रेघ बाहेरून वळवली, निळी आतून, आणि दोन्ही परत मूळ मार्गाला येऊन मिळाल्या तेव्हा लाल निळ्याला भिडली होती आणि निळी लालला. म्हणजे शॉर्ट सर्किट. फासाचा तुकडा दोन्ही टोकांना विजेपासून तोडून, गाडी आत असताना प्रवाहाची दिशा उलटवून हे सोडवता येतं, पण त्या दिवशी मी पेन्सिली खाली ठेवल्या.

वरच्या मजल्यावर राहणारे काका सोलापूर विभागात स्टेशन मास्तर होते. नकाशा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ बोटाने चाचपला.

“छान आहे गं. पण इथे काम काय चालतं?”

“काम म्हणजे? गाडी जाते आणि येते.”

“ती का जाते? ही बघ, या सायडिंगला तू गाडी आणलीस. इंजिन पुढे, त्याच्यापुढे बफर. ते सुटणार कसं? आणि फाउलिंग मार्क कुठे धरलास?”

फाउलिंग मार्क म्हणजे दोन रूळ जिथे सांध्याकडे जवळ येतात तिथली खूण. तिच्या पुढे डबा उभा राहिला तर शेजारच्या रुळावरून जाणारी गाडी त्याला घासेल. म्हणजे कागदावर सायडिंग मीटरभर दिसली तरी खूण सोडून उरेल तेवढीच तिची खरी लांबी. काकांनी माझ्या नकाशावर पेन्सिलने त्या खुणा केल्या आणि बघता बघता माझ्या सगळ्या सायडिंग आखूड झाल्या. दोन तर एका डब्याच्याही उरल्या नाहीत.

“आणि हात कुठवर पोचतो तुझा?” जाता जाता त्यांनी विचारलं. फळीवर झोपून हात लांबवला. पाऊण मीटरच्या पुढे बोटं टेकेनात. गाडी नेमकी तिथेच रुळावरून उतरणार, हे सांगायला स्टेशन मास्तर लागत नाही. मधोमध ठेवलेली फळी बाद झाली.

अमेरिकेतले जॉन आर्मस्ट्राँग हे आराखडे आखणाऱ्यांचे गुरू मानले जातात. कामाला बसण्याआधी ते दोन याद्या करायला सांगत: बदलता न येणाऱ्या गोष्टींची एक आणि हव्याहव्याशा गोष्टींची दुसरी. माझ्या पहिल्या यादीत खोली, दार, खिडकी, हाताची लांबी आणि डब्याची लांबी. दुसरीत बोरघाटाचं सगळं. काकांच्या प्रश्नानंतर मी दुसरी यादी खोडत गेले. फास, पूल, दोन बोगदे, माल यार्ड, लोणावळा, सगळं गेलं. शेवटी एकच ओळ खोडवेना: कर्जतला मागून बँकर लागतं ती. मी एवढी वर्षं खिडकीसाठी भांडत होते ते दरीसाठी खरंच; पण मागून इंजिन टेकल्याचा तो हलका धक्का बसला की घाट आला असं वाटायचं. ते काम खोलीत बसवता येईल का?

मग आकडे पहिल्यांदाच माझ्या बाजूने यायला लागले. फळी भिंतीलगत, इंग्रजी एल अक्षरासारखी, दाराला हात न लावता. एका भिंतीवर कर्जत, कोपऱ्यात ७७ चं वळण. कोपऱ्याचे ८२ सेंटिमीटर वजा केल्यावर स्टेशनला २२३ उरतात. गाडी तीन डब्यांची: डबे ७७, पुढचं इंजिन २४, मागचं बँकर २४, एकूण १२५. स्टेशनात मेन लाइन आणि तिच्या शेजारी एक लूप. दोन्ही टोकांना मध्यम मापाचे सांधे, प्रत्येकी २२. फाउलिंगसाठी दोन्हीकडे साधारण १२. डाव्या टोकाला बँकरला मागे-पुढे करायला २५ चा तुकडा. बेरीज २१८. पाच सेंटिमीटर शिल्लक राहिले! बँकेत पहिल्या फटक्यात ताळेबंद जुळला की जेवढा आनंद व्हायचा, तेवढा झाला.

बँकर लूपवर उभं राहील. गाडी फलाटाला लागली की ते डावीकडच्या तुकड्यात जाईल, सांधा बदलेल, आणि पुढे येऊन गाडीच्या शेपटीला टेकेल. दुसऱ्या भिंतीवर, डोंगराच्या देखाव्यामागे, दोन रुळांचं लपलेलं यार्ड. ब्रिटिश छांदिष्ट लहान जागेत हेच करतात: दिसतं ते एक स्टेशन, बाकीचं सगळं जग पडद्यामागे. कोपऱ्यावरून गाडी डोंगरामागे शिरली की ती लोणावळ्याला गेली असं समजायचं.

आणि परत कशी येणार? फासाशिवायच. गाडीच्या दोन्ही टोकांना आता इंजिन आहे. मागचं इंजिन पुढचं होतं आणि गाडी तशीच परत फिरते. डीसी पद्धतीत दिशा रुळांमधल्या प्रवाहाने ठरते, इंजिनाचं तोंड कुठे आहे त्याने नाही; त्यामुळे दोन्ही इंजिनं एकाच दिशेला निघतात, एकमेकांशी रस्सीखेच करत नाहीत. हे कळलं तेव्हा आठवलं की १८६३ मध्ये खरा घाट सुरू झाला तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनेही असाच मार्ग काढला होता. डोंगरात वळायला जागा नव्हती म्हणून त्यांनी खंडाळ्याच्या अलीकडे रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं. गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढायची. ते पुढे नव्या मार्गाने बंद झालं. म्हणजे जागेची चणचण फक्त माझ्याच खोलीत नव्हती.

आता नकाशा फरशीवर खऱ्या मापात उतरवला आहे. पेको ही ब्रिटिश कंपनी आपल्या सांध्यांचे एकास एक मापाचे कागदी नमुने मोफत देते. त्यांच्या प्रती कापून, वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्यांवर चिकटवून मी सगळं स्टेशन मांडलं. या मापातले बरेचसे सांधे-रूळ आपल्याकडे बाहेरून मागवावे लागतात, तेव्हा कात्री आणि डिंक हे स्वस्त काम आहे. कागदावर गाडीचे डबे म्हणून पुठ्ठ्याचे तुकडे ठेवून मी बँकर लावण्याचं काम पुन्हा पुन्हा करून बघते. काकाही अधूनमधून येतात आणि सांधा चुकीच्या बाजूला असताना इंजिन हलवलं की ओरडतात.

तुम्हीही सुरुवात करणार असाल तर एकही रूळ विकत घेण्याआधी एवढं करा. तुमचा सगळ्यात लांब डबा मोजा, त्याची तिप्पट करा, आणि ती त्रिज्या सुतळी-खडूने खऱ्या फरशीवर आखा. मग गाडीची लांबी कायमची ठरवा आणि प्रत्येक सायडिंग फाउलिंग मार्कपासून मोजा. आणि या सगळ्याच्या आधी, तुमच्या आवडत्या मार्गावरचं एक काम निवडा: बँकर लावणं, दूध-टँकर जोडणं, इंजिन वळवून घेणं, काहीही. घरात मार्ग बसत नाही, मार्गावरचं एक काम बसतं.