उंदीर राहिले ना वं!

गोंदियात दिवाळीला दोन वास बरोबरच यायचे. खळ्यावर येऊन पडलेल्या हलक्या धानाचा, आणि बाबूजी स्टेशनवरच्या स्टॉलवरून आणत त्या दिवाळी अंकांच्या कोऱ्या शाईचा. अंक हाती आले की कथा-कविता बाजूला ठेवून ते आधी व्यंगचित्रं गाठायचे, ‘आवाज’ची खिडकी उघडण्याआधी माय कुठे आहे ते हळूच पाहून घ्यायचे, आणि कवळी पेल्यात बुडवणारा किंवा चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारा एखादा म्हातारा भेटला की त्याच्या कडेला पेन्सिलीनं बारीक लिहायचे, ‘मी’. साठीनंतर हे ‘मी’ वाढत गेले. काठी आली, कानातलं यंत्र आलं. पण प्रत्येक दुखणं आधी कुठल्या तरी चित्रात भेटून गेलेलं, त्यामुळे ते दारात आलं की बाबूजी त्याला ओळखीच्या पाहुण्यासारखा पाट मांडायचे.

मग नजर गेली. आता शि. द. फडणिसांचं चित्र, ज्यात खुद्द चित्रकारानंच एक शब्द ठेवला नाही, ते बोलून दाखवायचं कसं, सांगा बरं? 1952च्या ‘मोहिनी’चं मुखपृष्ठ तुम्हीही पाहिलं असेल. मी सुरू करायची, ‘एक माणूस आहे, शर्टावर मांजरं आहेत, शेजारी एक बाई उभी आहे...’ आणि माझं वाक्य अजून साडीपर्यंत पोचलेलंही नसताना पलंगावरून खोकल्यात मिसळलेलं हसू यायचं, ‘अवं, उंदीर राहिले ना वं! लुगड्यावरचे!’ चित्र त्यांना माझ्याहून नीट दिसत होतं. तरी दुसऱ्या दुपारी, गिरणीच्या कोंड्याची धूळ खिडकीत उतरत असताना, पुन्हा तेच मागायचे. पुढे पुढे मी मुद्दाम उंदीर विसरायला लागले.

ती सवय आता कुठे ठेवावी कळत नाही. 29 जुलै 2025ला फडणिसांनी शंभरी गाठली, त्या दिवशी जुना अंक काढून बसले, तर एका म्हाताऱ्याच्या चित्रापाशी वाक्य आपसूक जुळायला लागलं, ‘डावीकडे एक बुढा आहे, बाबूजी, हातात पिशवी...’ मग अर्धवट कशाला सोडायचं म्हणून उजवीकडे कोण आहे तेही सांगून टाकलं.

आतून माय म्हणाली, ‘कोनाशी बोलून रायली वं?’